लेकरांच्या चालीने

शास्त्रपाठ : उत्पत्ति 33:12-17



वीस वर्षांच्या ताटातुटीनंतर एसाव व याकोब भेटले. गळाभेट झाली, अश्रू झाले, आणि मग एसाव म्हणाला की आता बरोबरच निघू. त्याच्यासोबत दमदार चालणारी चारशे माणसे होती. याकोबाने नम्रपणे नकार दिला. लेकरे कोवळी आहेत, दुभती जनावरे मागे आहेत. एकच दिवस अधिक दामटले तर कळप मरेल. धन्याने पुढे व्हावे, आपण लेकरांच्या पावलांनी हळूहळू येऊ, असे त्याने सांगितले. (तो सेईरला गेलाच नाही, सुक्कोथास जाऊन राहिला. ती त्याची जुनी खोड. तिच्याविषयी पुन्हा केव्हा तरी.)

हा पाठ आम्ही अनेकदा वाचला होता, पण त्याचा अर्थ आम्हांस निपाणीच्या एका मुलाने शिकविला.

हा मुलगा स्वमग्न आहे. गलबला झाला की कानांवर हात ठेवतो, आणि एका जागी बसणे त्यास जमत नाही. आपल्या सीमाभागात घरी मराठी, शाळेत कन्नड व वर इंग्रजी, म्हणजे तीन लिप्यांचे ओझे धडधाकट मुलांनाही जड जाते. अखेर आईने त्यास शाळेतून काढून घरी शिकविणे सुरू केले. आमच्या शब्बाथशाळेत मात्र तो येई. तेथे आम्ही काय केले? सुवर्णवचनाच्या स्पर्धेत त्यास सर्वांपुढे उभे केले. तो बोलेना, फेऱ्या मारू लागला, तेव्हा बाहेर पायरीवर बसविले. आईने ते पाहिले. पुढचे तीन रविवार दोघेही आली नाहीत.

चौथ्या आठवड्यात आम्ही लाजत त्यांच्या घरी गेलो. मुलगा बसगाड्या मांडून बसला होता. निपाणीच्या स्थानकावर कर्नाटकाच्या व महाराष्ट्राच्या गाड्या येतात. त्यांच्या पाट्यांवरून तो कन्नड व मराठी दोन्ही वाचावयास शिकला होता. आईचे गणितही त्याच वाटेने चालले होते : येथून कोल्हापूर सुमारे 40 किलोमीटर, बेळगाव सुमारे 75, तर बेळगाव किती अधिक लांब? आम्ही प्रश्न पुरता ऐकण्याआधी त्याने उत्तर दिले.

नीतिसूत्रे 22:6 हे वचन आम्ही नेहमी छडीच्या बाजूने सांगत आलो. मूळ इब्रीत तेथे मुलाच्या स्वतःच्या वाटेचा उल्लेख आहे, आणि आपल्या मराठी शास्त्रातही शिक्षणाआधी त्याच्या स्थितीचा विचार येतो. त्या माउलीने तेवढेच केले होते.

घरचे शिक्षण आपणांस नवे नाही. 1858 साली कर्नाटकातील गंगामूळच्या रानात जन्मलेल्या पंडिता रमाबाई लहानपणी शाळेत गेल्या नाहीत. आई लक्ष्मीबाईंनी त्यांना संस्कृत शिकविले, पुष्कळसे यात्रेच्या वाटेवरच. त्यांची गोष्ट अर्थात निराळी, त्या विलक्षण बुद्धीच्या होत्या. पण शाळेच्या भिंतीबाहेरही विद्या असते, हे त्यावरून दिसते. कायदाही आता हे काही अंशी जाणतो. शिक्षण हक्क कायद्यात 2012 साली दुरुस्ती होऊन बहुविकलांग व तीव्र विकलांग मुलांना घरी राहून शिकण्याचा हक्क मिळाला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता व अध्ययन अक्षमता यांची नावे आली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी-बारावीची परीक्षाही देता येते.

तरी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. घरी शिकविणे वेगळे आणि घरात दडविणे वेगळे. पाहुणे आले की मुलाला आतल्या खोलीत पाठविणारी कुटुंबे आपल्याच मंडळ्यांत आहेत. आणि मुलाला त्याच्या आवडीवर सोडावे असे म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे की त्या आवडीमागे दिवसभर धावणारी बहुधा एकटी आईच असते. बापाला कामावर जावयाचे असते, आजी म्हणते की हे तुझ्याच लाडाने झाले, आणि मंडळी प्रार्थनेचे आश्वासन देऊन घरी जाते. प्रार्थना करावीच. पण आठवड्यातून एक दुपार त्या मुलाजवळ बसून आईला बाजारात एकटी जाऊ द्यावे, हे कोण करील?

आमच्याकडे दोन तरुण व एक निवृत्त शिक्षिका आता आळीपाळीने जातात. स्पर्धा आम्ही बंद केली. ज्यास म्हणावयाचे त्याने म्हणावे, ज्यास चित्र काढावयाचे त्याने काढावे. तो अजून फेऱ्या मारतो, आणि इतर मुलांनी त्याकडे पाहणे सोडले आहे.

गेल्या रविवारी वर्गात याकोबाची ही गोष्ट सांगत होतो. फेरी मारता मारता, आमच्याकडे न पाहताच, त्याने विचारले, "सेईरला कुठली गाडी जाते?"