छोट्या गावाची प्रेमकथा आणि सोबत आलेला कुत्रा

अमेरिकेतील लोकप्रिय कादंबरीत 'छोट्या गावाची प्रेमकथा' हा आता एक स्वतंत्र प्रकार मानला जातो. त्यातील 'गाव' या शब्दाने शेतीवर जगणारे खेडे नव्हे, तर एक मुख्य रस्ता, एक खाणावळ, एखादे चर्च आणि परस्परांना नावानिशी ओळखणारी काही शे किंवा काही हजार माणसे एवढ्यात मावणारी वस्ती अभिप्रेत असते. डेबी मॅकोंबर यांची 'सीडर कोव्ह' मालिका २००१ मध्ये आणि रॉबिन कार यांची 'व्हर्जिन रिव्हर' मालिका २००७ मध्ये सुरू झाली, आणि पुढे दोन्हींवरून दूरचित्रवाणी मालिकाही निघाल्या. या कादंबऱ्यांतून वैधव्य, घटस्फोट, युद्ध किंवा गमावलेली नोकरी मागे टाकून कोणीतरी मोठ्या शहरातून अशा गावात येते, आधी परके आणि हळूहळू गावचे होते, आणि त्या वाटेवर त्याला किंवा तिला जोडीदार भेटतो. अशा पाहुण्याबरोबर फार वेळा एक कुत्रा असतो, किंवा गावात पाऊल टाकताच तो त्याच्या पदरात पडतो. या कुत्र्याला पुस्तक खपवणारे मुखपृष्ठावरचे गोजिरे चित्र समजून बाजूला सारणे सोपे असले, तरी या प्रकाराचे बरे-वाईट ज्यावरून ठरवावे असा त्याच्याइतका नेमका निकष दुसरा नाही.

अमेरिकेतील प्रणयकथा-लेखकांच्या १९८० साली स्थापन झालेल्या संघटनेने प्रणयकादंबरीसाठी दोनच अटी घातल्या: कथेच्या केंद्रस्थानी प्रेमसंबंध असावा आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशावादी असावा. शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे वाचकाचे सारे लक्ष दोघे कोणत्या वाटेने जवळ येतात याकडे लागते. पामेला रेजिस यांनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रणयकादंबरीचे आठ आवश्यक घटक सांगितले आहेत. त्यांतला पहिला म्हणजे समाजाचे चित्रण, ज्यात प्रेमिकांभोवतीचा समाज कोणत्या अर्थाने बिघडलेला किंवा अपुरा आहे हे दिसते, आणि त्यानंतर भेट, अडसर, आकर्षण असे पुढचे घटक येतात. छोट्या गावाच्या कथेत यांपैकी पहिल्या दोन घटकांतच मोठी अडचण उभी राहते, कारण जिथे प्रत्येकाला प्रत्येकाची कुळकथा पाठ आहे तिथे नवा माणूस उघडपणे संशयास्पद ठरतो. त्याच्याजवळ सांगण्यासारखी पूर्वकथा असते, पण ती सांगण्याचे धैर्य किंवा इच्छा त्याला नसते. बोलल्याशिवाय विश्वास मिळत नाही आणि विश्वास मिळाल्याशिवाय बोलता येत नाही, अशी ही कोंडी आहे.

ही कोंडी कुत्रा फोडतो, आणि याला केवळ कादंबरीकारांची सोय म्हणता येत नाही. इंग्लंडमधील जून मॅकनिकोलस आणि ग्लिन कॉलिस या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तोच माणूस कुत्र्यासह आणि कुत्र्याशिवाय लोकांत वावरला, तेव्हा कुत्रा सोबत असताना त्याच्याशी बोलायला येणाऱ्या अनोळखी लोकांची संख्या फार मोठ्या प्रमाणात वाढल्याचे दिसले. त्या माणसाचे कपडे नीटनेटके आहेत की गबाळे, याचाही परिणाम होत होता, परंतु कुत्र्याच्या असण्यानसण्याने पडणारा फरक त्याहून कितीतरी मोठा होता. अनोळखी माणसाशी त्याच्याविषयी बोलणे हा आगाऊपणा ठरतो, पण त्याच्या कुत्र्याविषयी बोलणे ठरत नाही. नाव काय, वय किती, चावतो का, असे प्रश्न विचारणाऱ्याला धोका नसतो आणि उत्तर देणाऱ्याला स्वतःविषयी काही उघड करावे लागत नाही. तरीही दोघांमधले अंतर कमी झालेले असते.

निकोलस स्पार्क्स यांची २००८ सालची 'द लकी वन' ही कादंबरी या यंत्रणेचे ठळक उदाहरण म्हणून पाहता येते. इराकच्या युद्धातून परतलेला लोगन थिबो हा माजी सैनिक, युद्धभूमीवर सापडलेल्या एका अनोळखी तरुणीच्या छायाचित्राचा माग काढत, झ्यूस नावाच्या जर्मन शेफर्डसह कोलोरॅडोहून नॉर्थ कॅरोलायनातील हॅम्प्टन या गावापर्यंत पायी चालत येतो. छायाचित्रातली बेथ आपल्या मुलासह आजीकडे राहत असते आणि आजी कुत्रे सांभाळण्याचा व त्यांना शिकवण्याचा व्यवसाय चालवत असते. येण्याचे खरे कारण थिबो सांगू शकत नाही, म्हणून तो तिथे काम मागतो. त्याच्या शब्दांवर विश्वास ठेवण्याजोगे काहीही नसताना, उत्तम शिकवलेला झ्यूस त्याच्या वतीने साक्ष देतो, कारण जनावराला शिस्त लावताना माणसाने किती संयम राखला आणि हात किती वेळा उगारला, हे जाणत्याला त्या जनावराच्या नुसत्या बसण्या-उठण्यातूनही वाचता येते. बेथचा संशय लगेच मावळत नाही आणि तो मावळू नये हेच योग्य आहे, कारण छायाचित्राचे गुपित लपवणारा माणूस तिच्याशी पूर्ण प्रामाणिक नसतोच. कुत्र्याने दिलेली साक्ष माणसाच्या स्वभावापुरती खरी असते आणि त्याच्या हेतूची हमी मात्र तिच्यातून मिळत नाही. हा भेद स्पार्क्स यांनी कथेत राखला आहे, आणि एरवी भावनेच्या पुरात वाहणाऱ्या त्या कादंबरीचे बळ त्यातच आहे.

नव्या सुरुवातीच्या कल्पनेशी कुत्र्याचे नाते याहूनही खोल आहे. 'नवी सुरुवात' म्हणजे मागचे सारे पुसून कोऱ्या पाटीवर लिहिणे, असा एक समज या कादंबऱ्यांच्या जाहिराती जोपासतात, पण सोबत कुत्रा असला की तो समज टिकत नाही. त्याला आधीच्या घरातली हाक ठाऊक असते, आधीच्या माणसाचा वास आठवत असतो, आणि मोडलेल्या संसारातून त्याला बाहेर काढले असेल तर त्या संसाराचा एक जिवंत भाग बरोबरच आलेला असतो. शिवाय तो काळाला शिस्त लावतो. दुःखात बुडालेल्या माणसाला दुपारपर्यंत अंथरुणात पडून राहावेसे वाटले तरी सकाळी कुत्र्याला बाहेर न्यावेच लागते, संध्याकाळी पुन्हा न्यावे लागते, आणि त्याच रस्त्याने रोज दोनदा जाणारा माणूस महिनाभरात त्या रस्त्याचा होऊन जातो. जपानमधील संशोधकांनी २०१५ साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले की कुत्रा आणि त्याचा पालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन, म्हणजे आई आणि तान्ह्या मुलाच्या जवळिकीशी निगडित असलेले संप्रेरक, वाढते, आणि माणसाने वाढवलेल्या लांडग्यांच्या बाबतीत मात्र असे आढळत नाही. माणसांनी दुखावलेल्या माणसाला पुन्हा जवळिकीची सवय होऊ लागते ती अशा एखाद्या नजरेपासून, असे मानणाऱ्या कादंबरीकाराला निदान एवढा आधार आहे.

या प्रकाराची उणीव तो जे दाखवत नाही त्यात आहे. गावातले कारखाने कधी बंद पडले आणि खाणावळीतल्या नोकरीवर घरभाडे कसे भागते, या प्रश्नांना त्यात क्वचितच जागा मिळते, आणि कुत्र्याचे आयुष्य जेमतेम दहा-पंधरा वर्षांचे असते हे सत्य आशावादी शेवटाच्या अटीखाली बहुधा दडपले जाते. मात्र सगळ्यात मोठा दोष असा की पुष्कळ कादंबऱ्यांत दोघांची गाठ घालून देण्याचे काम संपताच कुत्रा कोपऱ्यात झोपवला जातो. जो सोबती म्हणून आला त्याला साधन म्हणून वापरून संपवले जाते.

सोबती आणि साधन यांतला हा फरक ज्याने सर्वांत प्रामाणिकपणे मांडला तो लेखक या प्रकाराच्या शंभर वर्षे आधी होऊन गेला. आंतोन चेखव यांची 'कुत्रेवाली बाई' या अर्थाच्या नावाची कथा १८९९ च्या डिसेंबरमध्ये 'रुस्काया मिस्ल' या मासिकात प्रसिद्ध झाली. क्रिमियातील याल्टा या हवापालटाच्या गावात एक तरुण स्त्री पांढऱ्या पॉमेरेनियनला घेऊन एकटीच फिरताना दिसते, तिचे नाव कोणालाच ठाऊक नसल्यामुळे लोक तिला तिच्या कुत्र्यावरूनच ओळखतात, आणि चाळिशीच्या आतला, विवाहित, स्त्रियांच्या बाबतीत सराईत असा गुरोव तिच्याशी ओळख काढण्यासाठी त्या कुत्र्याचाच उपयोग करतो: आधी त्याला चुचकारतो, तो जवळ येताच त्याला बोट दाखवून गुरगुरायला लावतो, आणि मग त्याला हाड दिले तर चालेल का असे विचारतो. इथे कुत्रा निव्वळ साधन आहे, आणि गुरोवच्या लेखी ती स्त्रीही अजून त्याहून फारशी वेगळी नाही. पुढे मॉस्कोला परतल्यावर तिची आठवण त्याला सोडत नाही, म्हणून तो तिच्या गावी जातो आणि खिळे ठोकलेल्या लांब करड्या कुंपणासमोर येरझारा घालू लागतो. तेवढ्यात फाटकातून एक म्हातारी बाहेर पडते आणि तिच्या मागून तोच पांढरा कुत्रा येतो. गुरोवला त्याला हाक मारावीशी वाटते, पण छाती धडधडू लागते आणि कुत्र्याचे नाव काही केल्या आठवत नाही.

चेखव यांनी हे नाव वाचकालाही कुठेच सांगितलेले नाही. याल्टात ज्याला हाड देऊ करून मार्ग मोकळा करून घेतला, त्याला गुरोव कुंपणाबाहेर उभा राहून बोलावू शकत नाही. हवापालटाच्या गावात सुरू झालेला खेळ आता खेळ राहिलेला नाही हे त्याला एका क्षणात कळते, ते कळवायला चेखव यांना कुत्र्याखेरीज कशाचीही गरज पडत नाही. कथा संपते तेव्हा दोघेही विवाहबंधनातच अडकलेले आहेत आणि सर्वांत अवघड भाग आता कुठे सुरू होत आहे हे दोघांनाही कळून चुकलेले आहे. प्रणयकथा-लेखकांच्या संघटनेच्या दुसऱ्या अटीत ही कथा बसणार नाही, तरी नव्या सुरुवातीविषयी तिच्याइतके खरे सांगणारी प्रेमकथा विरळा.

मराठी वाचकाला या सगळ्यात एक ओळखीची गोष्ट दिसल्याशिवाय राहणार नाही. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात स्वर्गाच्या दारी पोचलेला युधिष्ठिर, अखेरपर्यंत सोबत चालत आलेल्या कुत्र्याला सोडून आत जायला नकार देतो. जुन्या आयुष्याच्या पलीकडचे सर्वोच्च सुख समोर असतानाही, जो विश्वासाने मागून आला त्याला टाकून मिळणारी सुरुवात स्वीकारायची नाही, हा तो नकार आहे. छोट्या गावाच्या प्रेमकथेतली नायिका मोटारीच्या मागच्या आसनावर कुत्र्याला बसवून निघते तेव्हा तिच्या हातून नकळत हेच घडत असते, आणि म्हणून त्या दृश्याकडे तुच्छतेने पाहणारी समीक्षा अपुरी आहे.

कादंबरीबाहेर, छळ करणाऱ्या नवऱ्याच्या घरातून निघू पाहणाऱ्या स्त्रीसाठी हा प्रसंग जीवनमरणाचा असतो. अमेरिकेतील आश्रयगृहांत झालेल्या अभ्यासांतून, विशेषतः फ्रँक असिओने यांच्या १९९० च्या दशकातील कामातून, असे पुढे आले की छळ करणारे पुरुष पाळीव प्राण्यांना इजा करणे किंवा तशी धमकी देणे हत्यार म्हणून वापरतात, आणि मागे राहणाऱ्या प्राण्याच्या काळजीने काही स्त्रिया घर सोडणे लांबणीवर टाकतात. ज्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर अशा किती तरी प्रेमकथा घडवल्या गेल्या, त्याच राज्याने २००६ साली देशात सर्वप्रथम कायदा करून न्यायालयाच्या संरक्षण-आदेशात, म्हणजे छळ करणाऱ्याला पीडित व्यक्तीपासून दूर ठेवणाऱ्या हुकुमात, पाळीव प्राण्यांचाही समावेश करण्याची मुभा दिली. पुढे २०१८ च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालेल्या कृषी कायद्यातून, पीडितांना त्यांच्या प्राण्यांसह आसरा देणाऱ्या संस्थांसाठी केंद्रीय अनुदानाची तरतूद झाली. या प्रकारातल्या लेखिकांनी आपल्या नायिकेला मोटारीत बसवण्याआधीची ती रात्र लिहावी, कारण जिथे कुत्र्याला जागा नाही अशा आश्रयगृहाच्या दारातून काही स्त्रिया आजही परत फिरतात.