माया

मराठीत 'माया' या शब्दाचा नेमका अर्थ कुणीही सांगत नाही. वेदान्ती म्हणतात, माया म्हणजे भ्रम. आयकरवाल्यांना माया म्हणजे न दाखवलेलं उत्पन्न वाटतं. आईच्या हातची माया पोळीवरच्या तुपात दिसते. पण मायेचं माप विचाराल तर ते फक्त शिवणाऱ्याला ठाऊक! साध्या शिवणीला अर्धा इंच, बगलेखालच्या शिवणीला एक इंच. शिवणीबाहेर मुद्दाम राखून ठेवलेल्या कापडाला शिंपी 'माया' म्हणतात. संत नामदेव शिंप्याच्या घरातले होते, हे काही उगीच नाही.

मी माझे पायजमे आणि बंड्या घरीच शिवतो. त्यात मोठी विद्या नाही. सुती कापड आटतं, म्हणून आधी भिजवून वाळवायचं, वर जुना पायजमा पसरून खडूनं आखायचं आणि माया सोडून कापायचं. दिवसभर बँकेत मात्र मी रुपयाचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत उठत नाही. खतावणीत माया सोडली तर खातेनिहाय चौकशी होते! तेव्हा प्रश्न असा, की माणसांशी वागताना हिशेब कुठला धरावा? खतावणीचा की कात्रीचा?

गांधीजींचंच पाहा. यंत्रांच्या बाबतीत एवढे कडक. पण १९२४ साली त्यांनी शिवणयंत्राला सूट दिली. सिंगरनं ते बायकोचे कष्ट पाहून, तिच्यावरच्या प्रेमापोटी केलं, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात सिंगरनं बॉस्टनच्या एका कारखान्यात दुसऱ्यांचं अडखळणारं यंत्र पाहिलं, ते सुधारलं आणि १८५१ साली पेटंट घेतलं. बायकोचा संबंध नाही. पण मला ती समजूतच मोलाची वाटते. तत्त्वाच्या शिवणीबाहेर महात्म्यानं अर्धा इंच माया सोडली होती. तत्त्व काही उसवलं नाही.

म्हणून सगळीकडे माया सोडत सुटावं, असंही नाही. सरळ शिवणीवर ती निमूट बसते. गळ्याच्या गोलाईवर मात्र तिला कात्रीनं बारीक काप द्यावे लागतात. नाहीतर गळा ओढला जातो, चुण्या पडतात. चिरंजीव सोळाव्या वर्षाच्या वळणावर आले की ज्यांनी काप दिले नाहीत, त्यांच्या घरी जाऊन चुण्या पाहाव्यात. आणि काप शिवणीपर्यंत गेला तर भोक पडतं, हेही त्याच घरात पाहायला मिळतं. कडकपणा आणि प्रेम यांच्यातलं अंतर फार नाही; दोन दोऱ्यांएवढं असेल.

तयार कपड्यांत बहुधा एवढी माया नसते. कडा मशीननं कातरून, गुंफून मोकळे! पोट सुटलं की कपडा दानाला जातो. घरच्या पायजम्याची शिवण उसवावी, आतली माया बाहेर काढावी आणि पुन्हा शिवावं. तो आणखी दोन वर्षं आपलं म्हणतो.

वरून पाहणाऱ्याला माया दिसत नाही. ती आहे की नाही, हे उसवल्यावरच कळतं. माझ्या पायजम्यात आहे, हे मी खात्रीनं सांगतो. आमच्या साहेबांच्या सफारीत आहे का, ते मार्चअखेर कळेल.