बंदरात नांगर टाकल्यावर जागं का राहायचं?



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय 2, श्लोक 67

श्लोकाचा भाव थोडक्यात असा. इंद्रियं विषयांमागे फिरतच असतात. मन त्यांच्यातल्या एकाच्या जरी मागे लागलं, तरी ते माणसाची बुद्धी ओढून नेतं, जसा वारा पाण्यातली नाव ओढून नेतो.

हे वाचताना आपल्या डोळ्यांसमोर भर समुद्र येतो. पण ज्ञानेश्वरीत माउली ही नाव काठाशी आणून ठेवतात. नाव तीराला लागत आली आहे, आणि तेवढ्यात वादळी वारा तिला गाठतो. टळलेलं संकट परत समोर उभं राहतं. तसंच पोचलेल्या माणसानेही इंद्रियांचे लाड केले तर संसारातलं दुःख त्याला सोडत नाही, असं माउली पुढे सांगतात. म्हणजे हा इशारा फक्त भरकटलेल्यांसाठी नाही. बंदरात पोचलो असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठीही आहे.

आपल्यापैकी बरेच जण असे बंदरात आहोत. रोजचा जप आहे, एकादशी आहे, सत्संगाचा ग्रुप आहे. मग एक प्रश्न नेहमी येतो : "सगळं पांडुरंगावर सोपवलं ना, मग आता काळजी कशाला? सतत स्वतःवर लक्ष ठेवणं हा अविश्वासच नाही का?"

याचं उत्तर मला कोकणातल्या बंदरात सापडतं.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की वादळी वाऱ्याचा धोका आहे हे तिथल्या सगळ्यांना कळतं. बोटी आत येतात, नांगर पडतात. तरी बऱ्याच बोटींवर खलाशी थांबतात. का? कारण रात्री नांगर घसरला तर इंजिन चालू करायला, दोर वाढवायला कोणीतरी बोटीवर हवं. वारा दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. संध्याकाळी ज्या नांगराने बोट आरामात धरली, तोच मध्यरात्री कमी पडू शकतो.

आणि नांगर काही नुसत्या वजनावर बोट धरत नाही. त्याचं टोक तळाच्या चिखलात रुततं म्हणून तो धरतो. त्यासाठी दोराची ओढ शक्य तितकी आडवी लागते. म्हणून पाण्याच्या खोलीच्या पाच-सात पट दोर सोडतात, वादळात त्याहूनही जास्त. घाबरून दोर आखडला तर ओढ वरच्या दिशेने बसते आणि नांगर उपटून येतो. शिवाय ओहोटीला मोजून सोडलेला दोर भरतीला अपुरा पडतो. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी चार-साडेचार मीटर चढतं.

आपल्या साधनेचंही असंच होतं. शांत दिवशी पुरेल एवढाच दोर आपण सोडलेला असतो. ऑफिसमध्ये अपमान झाला, घरी आजारपण आलं, की पहिला कापला जातो तो जपाचा वेळ. "आता मूड नाही, नंतर बघू." म्हणजे वारा वाढला तसा आपण दोर आखडला. वाढवायचा तेव्हाच होता.

आता जागं राहण्याकडे येऊ. काळोखात, पावसात बोट सरकतेय हे बोटीवरच्या माणसाला जाणवत नाही, कारण तोही बोटीबरोबर सरकत असतो. म्हणून किनाऱ्यावरचे दोन दिवे एका रेषेत धरून त्यांच्याकडे बघत राहायचं. रेष मोडली आणि परत जुळलीच नाही, तर नांगर घसरलाय. मनाचंही तसंच. राग हळूहळू वाढला, फोनवरचा वेळ हळूहळू वाढला, हे आतून कळत नाही. आतून आपण जिथल्या तिथेच असतो. त्यासाठी बाहेर काहीतरी न हलणारं लागतं : एक ग्रंथ, आणि तोंडावर खरं बोलणारा एक माणूस. रोज एक श्लोक वाचायचा तो ज्ञान वाढवायला कमी आणि दिवे जुळतात का ते बघायला जास्त.

मग हा अविश्वास झाला का? नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करणारा कोळीदादाच बोट बांधताना दोराचा पीळ न् पीळ तपासतो. त्याला यात काही विसंगती दिसत नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात ऑन-कॉल ड्यूटी असते. सिस्टीमवर विश्वास असतो, म्हणून कोणी मॉनिटरिंग बंद करत नाही. शरणागती म्हणजे नांगर कुठे टाकायचा याचा निर्णय. एकदा विठ्ठलाच्या पायाशी टाकला की तो निर्णय झाला. पण दोर आपल्या हातात दिलेला आहे. तो बघणं हीच सेवा.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. बंदरात बोटी जवळजवळ असतात. एकीचा नांगर घसरला की ती मागच्या बोटीवर जाऊन आदळते, तिलाही सोबत ओढते. म्हणजे पहाऱ्यावरचा खलाशी फक्त स्वतःसाठी जागत नाही. त्याच्या मागच्या बोटीत कोणीतरी त्याच्या भरवशावर झोपलेलं असतं. आपलं मन सुटलं की पहिला धक्का कोणाला बसतो? बायकोला, नवऱ्याला, मुलांना, ज्युनिअरला. "माझी शांती ही माझी पर्सनल गोष्ट आहे" हे म्हणूनच पूर्ण खरं नाही. स्थिर राहणं हे शेजाऱ्याचं देणं आहे.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेलं. देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या दोन बोटी तेव्हा बुडाल्या. बोटींवर खलाशी होते. सगळे परत आले नाहीत. "त्यांची भक्ती कमी पडली" असं कोणी म्हणालं तर ते क्रूर आहे, आणि गीतेला धरूनही नाही. फळावर आपला अधिकार नाही, हे याच अध्यायात सांगितलंय. बोट वाचली म्हणजे श्रद्धा खरी आणि बुडाली म्हणजे खोटी, असा हिशोब भगवंताने कुठेच मांडलेला नाही. दुसऱ्याच्या वादळाकडे बघून त्याची श्रद्धा मोजायची नाही. त्याच्याकडे दोर फेकायचा, बस्स.

तर आज झोपण्यापूर्वी दोन मिनिटं एवढंच बघूया. महिन्यापूर्वी मी जिथे नांगर टाकला होता, तिथेच आहे का? नसेन तर लाज वाटून घेण्यात रात्र घालवायची नाही. दोर थोडा वाढवायचा. उद्या एक माळ जास्त, किंवा जो खरं बोलतो त्याला एक फोन. आणि आपल्या मागे कोण निश्चिंत झोपलंय, त्याची आठवण ठेवायची.

राम कृष्ण हरी!