शेजारच्या घरातलं भांडण आणि आपलं सैन्य



मागच्या पंधरवड्यात इंदूरच्या एका कुटुंबगटात मोठा वाद झाला. टीव्हीवर कुठल्यातरी देशातल्या यादवी युद्धाची दृश्यं चालू होती, ढिगाऱ्याखालून लेकरं काढत होते. ती बघून कॉलेजात शिकणाऱ्या एका भाच्याने लिहिलं, "आपल्याकडे एवढं मोठं सैन्य आहे, मग आपण जाऊन हे थांबवत का नाही? नुसतं बघत बसणं हेही पापच ना?" मामांनी लगेच उत्तर दिलं, "आधी आपलं घर सांभाळ." मग मावशी, आत्या, बडोद्याचे काका, सगळेच उतरले. रात्री साडेअकराला कुणीतरी शुभरात्रीचं फूल टाकलं तेव्हा कुठे थांबलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने आम्हाला वेगळा निरोप पाठवला, "उत्तर कुणीच दिलं नाही. सगळ्यांनी मिळून मला फक्त गप्प केलं."

हे आम्हाला लागलं. मुलगा दयेपोटी विचारतोय आणि आपण त्याला वयाने दाबतो. म्हणून यावेळचं पत्र त्याच्या प्रश्नावर. लांबलंय थोडं, चहा घेऊन बसा.

टीव्हीवरच्या देशाबद्दल आम्हाला तुमच्याइतकीच माहिती, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण एका देशातल्या यादवीत आपलं सैन्य खरंच गेलं होतं. गेलं, तीन वर्षांजवळ राहिलं आणि परत आलं. ती गोष्ट आपल्या घराघरात फारशी बोलली जात नाही. श्रीलंकेची.

थोडक्यात मागचं सांगतो. 1956 साली तिथे फक्त सिंहली ही राज्यभाषा करणारा कायदा झाला. भाषेच्या कायद्याने घरात भिंत कशी उभी राहते हे आमच्या बेळगावकरांना समजावून सांगायला नको. तमिळांच्या पोरांना नोकऱ्या, कॉलेजातल्या जागा मिळेनात, वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या झाल्या, मग काहींनी बंदुका उचलल्या. 23 जुलै 1983 च्या रात्री जाफन्याजवळ एलटीटीईने 13 सैनिक मारले आणि त्याचा सूड कोलंबोतल्या साध्या तमिळ माणसांवर उगवला गेला. मतदारयाद्या हातात घेऊन घरं शोधली, जाळली. शेकडो माणसं मेली, काही तर म्हणतात हजारो. जी वाचली त्यातली कितीतरी होड्यांत बसून रामेश्वरच्या किनाऱ्याला लागली.

इथपर्यंत ऐकलं की आपलाही भाचा होतो. आता तरी जायला नको का?

पण इथेच एक अवघड गोष्ट आहे, आणि ती झाकून पत्र लिहिणं आम्हाला जमणार नाही. त्याच वर्षांत आपल्या देशाच्या गुप्तचर यंत्रणेने तमिळ बंडखोर गटांना आपल्याच भूमीवर हत्यारांचं शिक्षण दिलं. निर्वासितांना आसरा देणं हे पुण्य. त्याच अंगणात त्यांच्या पोरांना बंदुकीचा नेम शिकवणं हे दुसरंच काही. तेव्हा ते कुणाला फार खटकलं नाही. आमच्यातले जे तेव्हा कॉलेजात होते त्यांना तर ते बरोबरच वाटायचं, हे कबूल करतो.

मग 1987. श्रीलंकेच्या सैन्याने जाफन्याला वेढा आवळला, लोकांचे अन्नपाण्याचे हाल सुरू झाले. 3 जूनला आपण धान्य-औषधांच्या होड्या पाठवल्या, त्यांच्या नौदलाने त्या परतवल्या. 4 जूनला आपल्या विमानांनी सुमारे 25 टन सामान वरून टाकलं. पुढे 29 जुलैला कोलंबोत राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. बंडखोरांनी हत्यारं खाली ठेवायची, लंकेच्या सैन्याने बराकीत जायचं, तमिळ भागाला प्रांतिक सत्ता मिळायची आणि हे सगळं नीट होतंय ना हे बघायला भारताची शांतीसेना जायची. कागदावर बघा, यात वाईट काय आहे? प्रत्येक ओळ चांगली. फक्त ज्यांचं भांडण, त्यातल्या बंदूकवाल्या पक्षाची त्यावर सहीच नव्हती. एलटीटीईच्या प्रभाकरनला दिल्लीत बसवून तो करार गळी उतरवला होता. आणि दुसऱ्या बाजूलाही मन मोकळं नव्हतंच. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना लंकेच्या एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. तो फोटो तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

आमच्या बेळगावच्या सत्संगाला एक निवृत्त सुभेदार येतात. तालुक्यातल्याच एका गावचे, शेती करतात, मागे बसतात, भजनात फक्त टाळ. मराठा लाइट इन्फंट्रीची जंगी पलटण जाफन्याच्या लढाईत होती. त्यांच्याकडे आम्ही हा विषय काढला तेव्हा आधी ते बोलेचनात. मग म्हणाले, "उतरलो तेव्हा हार घातले हो लोकांनी. शहाळी दिली. बायका पोरांना पुढं करायच्या, हात मिळवा म्हणून. दोन महिन्यांत त्याच गल्लीतनं गोळी यायला लागली. कोण आपलं, कोण नाही, विचारायचं कुणाला? भाषाच येत नव्हती. दार वाजवलं की आत बायका रडायच्या. रडणं मात्र कळायचं. ते आपल्या गावच्यासारखंच."

काय झालं होतं? सप्टेंबरात एलटीटीईच्या तिलीपनने अन्न आणि पाणी दोन्ही सोडून उपोषण केलं आणि त्यात तो गेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला लंकेच्या नौदलाने पकडलेल्या एलटीटीईच्या माणसांनी कोलंबोला नेण्याआधीच सायनाइड खाल्लं. त्यानंतर शांतीसेना आणि एलटीटीई समोरासमोर आले. जाफना विद्यापीठावर हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या 30 जवानांतला एकच जिवंत राहिला, तोही पकडला गेला. 25 नोव्हेंबरला 8 महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना छातीत गोळी लागली, तरी मारणाऱ्याच्या हातातली रायफल हिसकावून त्यांनी त्याला पाडलं आणि प्राण जाईपर्यंत ते हुकूम देत राहिले. मुंबईत जन्मलेला, वाढलेला माणूस. परमवीर चक्र मिळालं. त्यांच्या शौर्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत, पुढे जे लिहितोय त्याने त्यात तसूभर कमी होत नाही.

आणि दुसरं. 21 ऑक्टोबर, त्या वर्षीची दिवाळी. जाफन्याच्या मोठ्या सरकारी इस्पितळात आपलं सैन्य शिरलं. आतून गोळीबार झाला असं सैन्याचं म्हणणं. साठाहून जास्त माणसं तिथे मेली. रुग्ण, परिचारिका, डॉक्टर. हे लिहिताना हात थांबतो. पण भाच्याने "आपण जाऊन थांबवत का नाही" असं विचारलंय, तर जाणं म्हणजे काय, तेही त्याला ठाऊक हवं. आपलीच गावची पोरं होती ती, राक्षस नव्हती. अनोळखी गावात, भाषा न कळता, शेजारी पडलेल्या मित्राचं रक्त ताजं असताना माणूस काय करतो याचा हिशोब सैन्य पाठवण्याआधी करायचा असतो.

इथे आम्हाला उद्योगपर्वातला रुक्मी आठवतो. रुक्मिणीमातेचा भाऊ, विदर्भाकडचा राजा. कुरुक्षेत्राची तयारी चालू असताना तो एक अक्षौहिणी सैन्य घेऊन पांडवांकडे आला आणि अर्जुनाला म्हणाला, तू घाबरला असशील तर मी आहे. अर्जुन हसला. म्हणाला, मी घाबरलेलो नाही, तुला राहायचं तर राहा, जायचं तर जा. मग रुक्मी तसाच दुर्योधनाकडे गेला. त्यानेही परत पाठवलं. त्या युद्धात दोघंच लढले नाहीत असं म्हणतात, तीर्थयात्रेला गेलेला बलराम आणि हा रुक्मी. कीर्तनात ही गोष्ट हशासाठी सांगतात. आम्हाला आता तिच्यात हसू येत नाही. रुक्मीकडे सैन्य होतं, ताकद होती, कदाचित इच्छाही चांगली असेल. पण तो कुणाच्या बाजूचा हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. मदत करणारा म्हणून मोठं दिसायचं होतं, बस्स.

आमच्या मते लंकेत चुकलं ते इथे. एका हाताने एका भावाला हत्यार दिलं, दुसऱ्या हाताने दुसऱ्या भावाशी सही केली, आणि मग दोघांच्या मध्ये पंच म्हणून उभे राहिलो. पंचाचा अंगरखा असा वरून चढवता येत नाही. शेवटी ज्यांना शिकवलं त्यांच्याशी लढलो. ज्यांनी बोलावलं त्यांनीही "जा आता" म्हटलं. 1989 पर्यंत नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा आपल्या सैन्याला घालवायच्या मागे लागले होते आणि त्यासाठी त्यांनी चक्क एलटीटीईलाच हत्यारं पुरवली. म्हणजे जे दोघं एकमेकांचा जीव घेत होते ते आपल्याला बाहेर काढायला एक झाले. घरातल्या भांडणात मध्ये पडलेल्या कुठल्याही शेजाऱ्याला विचारा, तो मान हलवेल.

यावर बडोद्याचे काका म्हणणार, "मग 1971 चं काय?" बरोबर. तिथेही आपण गेलो, आणि तिथे जाणं योग्य होतं असं आम्ही मानतो. निष्काम होतो म्हणून नव्हे. मुक्तिवाहिनीला आपण शिकवलंच होतं, पाकिस्तान दुबळा होण्यात आपला स्वार्थही होता. पण तिथल्या लोकांनी 1970 च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानच्या 169 पैकी 167 जागा एका पक्षाला देऊन काय हवं ते सांगून टाकलं होतं. सुमारे एक कोटी निर्वासित आपल्या दारात होते. इंदिराजी कितीतरी महिने जगभर सांगत फिरल्या. पाकिस्तानने 3 डिसेंबरला आपल्या विमानतळांवर हल्ला केला. आणि आपण कुणाच्या बाजूने हे आपण लपवलं नाही. 16 डिसेंबरला शरणागती झाली आणि मार्च 1972 मध्ये आपलं सैन्य परतलंसुद्धा. परत येणं हे फार मोठं आहे मंडळी. दुसऱ्याच्या घरात शिरायला धैर्य लागतं, तिथून वेळेत निघायला वैराग्य.

तर भाच्या, तुझ्या पहिल्या प्रश्नाला आमचं उत्तर असं. परक्या यादवीत सैन्य पाठवणं बहुतेक वेळा चूकच ठरतं. निःशस्त्र माणसांची सरसकट कत्तल चालू असेल, तिथली माणसं खरोखर हाक मारत असतील, आपण स्वतः त्या आगीत तेल ओतलेलं नसेल आणि परतीचा दिवस आधी ठरलेला असेल, तरच विचार करावा. तेव्हाही भीतभीतच. आणि तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला, नुसतं बघत बसणं पाप का, तर हो. मामांचं "आपलं घर सांभाळ" हे आम्हाला पटत नाही. आसरा देता येतो. धान्य, औषध पाठवता येतं. हत्यारं विकणं थांबवता येतं. बोलणी करता येतात. भगवंत स्वतः शिष्टाईला गेले, पाच गावांवर आले, दुर्योधनाकडून अपमान सोसला. ते फुकट गेलं म्हणून ते गेलेच नसते तर बरं झालं असतं, असं कुणी म्हणत नाही.

सुभेदारांना आम्ही शेवटी सरळच विचारलं, जायला नको होतं का? ते म्हणाले, "हुकूम होता, गेलो. विचारायचं असलं तर जायच्या आधी विचारायचं बघा. गेल्यावर टाइम मिळत नाही." 24 मार्च 1990 ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून जहाजात बसली. सुमारे 1,200 जवान परत आले नाहीत. मद्रासला उतरलेल्यांच्या स्वागताला तिथले मुख्यमंत्री गेले नाहीत. सुभेदार म्हणाले, "घरी आलो तर शेजारी विचारत होते, कुठं होता इतके दिवस?" पुढच्या वर्षी 21 मे ला श्रीपेरुंबुदूरला काय झालं ते सर्वांना माहीत आहे.

हे पत्र गटांवर टाकण्याआधी आम्ही त्या मुलाला वाचायला दिलं. त्याने अर्ध्या तासात उत्तर पाठवलं. "पटलं बरंचसं. पण 2009 ला काय? शेवटच्या महिन्यांत मुल्लिवायक्कालच्या किनाऱ्यावर लाखो लोक अडकले होते. एलटीटीई त्यांना सोडत नव्हती, सरकार तोफा डागत होतं. युनोच्या समितीने नंतर सांगितलं की 40,000 पर्यंत लोक मेले असावेत. तेव्हा कुणीच गेलं नाही. आपणही नाही. का, तर 1987 ला हात पोळले होते म्हणून. मग त्या माणसांनी कुणाकडे बघायचं होतं?"

आमच्याकडे याला उत्तर नाही. येत्या रविवारी बेळगावच्या सत्संगात संध्याकाळी पाचला यावरच बसायचं ठरलंय. सुभेदार येतो म्हणालेत. मुलगा इंदूरहून फोनवर जोडला जाईल. मामांनीही यावं.

आपले सेवक, संपादक मंडळी