कथेतला मास्तर

मुस्लिम मराठी लेखकाकडे दोन मागण्या कायम होत असतात. घरचे म्हणतात, समाजाची बदनामी पुष्कळ झाली, आता चांगले दाखवा. बाहेरचे म्हणतात, तलाकवर लिहा, बुरख्यावर लिहा, सुधारणा सांगा. दोघांनाही कथेतून उपदेशच हवा असतो. 1990 साली आपल्या सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर आपण बरेच लिहिले, आणि त्यातल्या कितीतरी कथांच्या शेवटी एक शिकलेला मास्तर येतो व सगळ्यांना शहाणे करून जातो. (मीही तो दोनदा आणला आहे.)

म्हणून साहित्यात उपदेश नकोच, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. बार्शीचे शाहीर अमर शेख उघड उघड उपदेशच करीत होते. कामगारांनी एक व्हावे, संयुक्त महाराष्ट्र झाला पाहिजे, यात आडपडदा नव्हता. पण ते स्वतः गिरणीत राबलेले होते. ऐकणाऱ्याला जे करायला सांगत, त्याची किंमत तेही मोजत होते. आमचा मास्तर काहीच मोजत नाही.

डेप्युटी नज़ीर अहमद यांनी एकोणिसाव्या शतकात उर्दूत कादंबरी रुजवली ती उपदेशासाठीच. त्यांच्या ‘तौबतुन्नसूह’मध्ये आजारातून उठलेला नसूह घर सुधारायला निघतो. थोरला मुलगा कलीम शायरीत रमलेला, तो ऐकत नाही. बाप त्याची पुस्तके जाळतो. लेखक पूर्णपणे बापाच्या बाजूचा आहे. तरीही वाचकाच्या मनात राहतो तो कलीम. लहानपणी आमच्या घरी ही कादंबरी मोठ्याने वाचली जायची. विड्या वळता वळता खाला ऐकायची. नमाज-रोज्याची पक्की बाई, पण त्या प्रसंगाला तिचा हात थांबला. “सगळं खरं,” ती म्हणाली, “पण त्याच्या किताबा कशाला जाळायच्या?”

नज़ीर अहमदांचे मोठेपण मला इथे दिसते. जो चुकतो आहे असे त्यांना वाटत होते, त्याला त्यांनी बोलू दिले, त्याला ऐट दिली, हट्ट दिला. वाचणाऱ्याला त्यांच्याशीच भांडता येईल इतके त्याला जिवंत केले.

हमीद दलवाईंच्या विचारांशी आपल्यापैकी अनेकांचे मतभेद आहेत. पण त्यांची ‘इंधन’ (1965) वाचताना भाषण ऐकल्यासारखे वाटत नाही. जे ठणकावून सांगायचे होते ते त्यांनी लेखांत आणि सभांत सांगितले. कादंबरीत माणसे आपापल्या वकुबाने वागतात.

सध्या एक कथा अर्धी पडून आहे. दहावीनंतर मुलीला शाळेतून काढणाऱ्या बापाची. मुलीचे संवाद झाले, आईचे झाले, मास्तरचे तर केव्हाच झाले. बापाच्या तोंडी घालायला मात्र माझ्याजवळ अजून एकही धड वाक्य नाही.