पासवर्डच्या अलीकडे

बटण दाबल्यापासून विंडोजचा लोगो येईपर्यंत जी थोडी सेकंदं जातात, तेवढ्या वेळात कॉम्प्युटर कोणाचाच नसतो. मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्राम मेमरी, कीबोर्ड, डिस्क तपासतो आणि सुरुवात कुठून करायची ते ठरवतो. त्याच वेळी डेलच्या मशीनवर एफ१२, एचपीवर एफ९, असेम्बल्ड असेल तर बोर्ड बघून एफ८ किंवा एफ११ दाबलं, की समोर यादी येते. यादीतला पेन ड्राइव्ह निवडला की आतली डिस्क बाजूला राहते आणि माझ्या खिशातून आलेली लिनक्स चालू होते. तुम्ही कोण, पासवर्ड काय, हे कोणी विचारत नाही. विचारणारी विंडोज सुरूच झालेली नसते. डिस्कवरच्या फायली मात्र सगळ्या दिसतात.

भोसरी, तळवडे आणि चाकणच्या लहान कारखान्यांतले कॉम्प्युटर दुरुस्त करून माझं घर चालतं. हे काम मला चांगलं येतं. पण ते करण्याचा हक्क मला कुठवर आहे, याचा विचार मी फार उशिरा सुरू केला.

या पट्ट्यात जुने डेस्कटॉप टिकून आहेत त्याला कारण आहे. धातू कापणाऱ्या व्हीएमसी मशीनला प्रोग्राम पाठवायला मागे नऊ पिनांचा सिरियल पोर्ट लागतो, आणि ते सॉफ्टवेअर चालतं विंडोज एक्सपीवर नाहीतर सेव्हनवर. मशीन चांगलं असताना केवळ कॉम्प्युटर जुना झाला म्हणून सगळं बदलणं लहान व्हेंडरला परवडत नाही. कूलंटचं तेलकट धुकं, बारीक बुरादा, विजेची ये-जा यांत तो डेस्कटॉप कधीतरी अडतोच, आणि मग मला फोन येतो. बहुतेक वेळा गुरुवारी, कारण आपल्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारची.

पेन ड्राइव्हवरून बूट करणं ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्येक मशीनचा अडून बसण्याचा प्रकार वेगळा. बोर्डावरचा तो सुरुवातीचा प्रोग्राम नव्या यूईएफआय पद्धतीचा असेल तर पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये लागतो, आणि फॅट३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून विंडोजची मोठी इन्स्टॉल फाइल तोडून टाकावी लागते. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेली सिस्टीम उठतच नाही. जुन्या बोर्डावर लेगसी मोड लावावा लागतो. कधी सेटिंगमध्ये काहीच चुकलेलं नसतं. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टची वायर आत निसटलेली असते, पेन ड्राइव्ह मागे लावला की लगेच दिसतो. कधी बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो आणि रोज सकाळी घड्याळासकट सगळं मूळपदावर. हे एकेक सोडवत जाण्यात मन रमतं. इतकं रमतं, की मशीन का उघडायचं आहे हा प्रश्न मागे पडतो. माझ्या कामातला खरा धोका मला तिथेच दिसतो.

एका गुरुवारी एका वर्कशॉपमध्ये गेलो होतो. ड्रॉइंग आणि इन्स्पेक्शन रिपोर्ट बघणारा मुलगा नोकरी सोडून गेला होता आणि त्याच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड कोणाकडे नव्हता. दुसऱ्या दिवशी डिस्पॅच, आणि रिपोर्टशिवाय मोठी कंपनी माल उतरवून घेत नाही. शेठ मेटाकुटीला आले होते. मी पेन ड्राइव्ह लावला, डिस्क उघडली. ड्रॉइंगच्या फोल्डरला लागूनच ‘पर्सनल’ नावाचा फोल्डर होता. बाहेरच काही फायली पडलेल्या: बहिणीचा बायोडाटा, कर्जाचे कागद, पीएफचं पासबुक. शेठ माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले, “बघा की सर, कुठं जॉइन झालाय ते.”

मी म्हणालो, आपल्याला रिपोर्ट हवेत, तेवढे घेऊ. ‘पर्सनल’ उघडला नाही, हव्या त्या फायली कॉपी करून दिल्या. कुतूहल मलाही वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. तरी हात आवरला म्हणून तेव्हा मला समाधान वाटलं होतं.

चहाला बाहेर आलो तेव्हा तिथला ऑपरेटर हळूच म्हणाला, “त्याचा शेवटचा पगार अडकलाय सर. पगार द्या, पासवर्ड देतो, म्हणाला होता.”

तेव्हापासून ते समाधान टिकलेलं नाही. मी समजत होतो की समोर तांत्रिक अडचण आहे. होतं ते भांडण, आणि त्यात एका बाजूकडे असलेली एकच गोष्ट मी पेन ड्राइव्हने काढून घेतली. ‘पर्सनल’ न उघडण्याची सभ्यता मी पाळली, पण त्या मुलाचं नुकसान व्हायचं ते फोल्डर उघडण्याआधीच होऊन गेलं होतं.

कायदा माझ्या बाजूने आहे, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, त्याचं कलम ४३ सांगतं की मालकाच्या किंवा कॉम्प्युटर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीवाचून त्यात शिरू नये. परवानगी तर मालकानेच दिली होती. कामाचे रिपोर्ट अडवून धरणं त्या मुलाने करायला नको होतं, हेही मी मानतो. पण २०१९ ची वेतन संहिताही कायदाच आहे, आणि राजीनामा देऊन गेलेल्या माणसाचे पैसे दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावेत असं ती सांगते. कंपनीची अडचण सोडवायला मी एका फोनवर हजर झालो. त्या मुलाची अडचण सोडवायला तसं कोण येणार होतं? लेबर ऑफिसच्या फेऱ्या मारायला नव्या नोकरीतून रजा काढावी लागते.

“मी नाही केलं तर दुसरा करेल” हे उत्तरही तपासून पाहिलं. ते खरं आहे. बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवणारं रूफस फुकट मिळतं, पेन ड्राइव्ह कुठेही मिळतो, आणि माझ्यासारखे या पट्ट्यात कितीतरी आहेत. पण दुसरा काय करेल यावरून मी काय करावं हे ठरत नाही. खरी गोष्ट याहून साधी आहे: शेठ माझं जुनं गिऱ्हाईक आहेत आणि त्या मुलाकडून मला कधी काम येणार नाही. माझी बाजू तिथेच ठरली होती. हे लिहायला जड जातं, पण लिहिलं पाहिजे.

हत्याराला मी दोष देत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स निळ्या पडद्यावर अडकली, तेव्हा ती सोडवण्यासाठी खुद्द मायक्रोसॉफ्टने पेन ड्राइव्हवरून बूट होणारं साधन काढलं. विंडोज बिघडलेल्या कितीतरी मशीन्समधून मी लोकांचे प्रोग्राम, टॅलीचा डेटा, मुलांचे फोटो सुखरूप बाहेर काढले आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपल्यावर, विंडोज ११ न चालणारी मशीन्स भंगारात जाऊ नयेत म्हणून त्यांवर लिनक्स टाकून द्यायलाही हाच पेन ड्राइव्ह लागतो. या कामांनी मला आनंद दिला आहे आणि तो खरा आहे.

आता कोणी “पासवर्ड उघडून द्या” म्हणालं, की आधी विचारतो: हे मशीन कोण वापरत होतं? त्याला फोन केला का? त्याचा हिशेब झाला का? निम्म्या वेळा फोनवरच काम होतं; तो माणूस पासवर्ड सांगतो, मला जावंही लागत नाही. एकदा एक शेठ भडकले, “तुम्ही कॉम्प्युटरवाले का लेबर ऑफिसर?” मला तेव्हा नीट उत्तर सुचलं नाही. तो अधिकार माझ्याकडे नाही, हे त्यांचं बरोबर होतं. पण माझ्या हातून काय होणार आहे हे जाणून घेण्याचा हक्क मला आहे, एवढं मला आज म्हणता येतं. हिशेब झाला नसेल तर तो आधी करा, असं सांगतो. ते कोणी ऐकतं, कोणी दुसऱ्याला बोलावतं. दुसऱ्याला बोलावलेलं कळतं तेव्हा माझ्या त्या महिन्याच्या कमाईचा हिशेब आठवून बेचैन होतो. तत्त्व पाळल्याचा आनंद वगैरे मला त्या वेळी होत नाही.

नव्या मशीन्सवर हे दार बंद होत चाललंय. विंडोज ११ प्रोवर बिटलॉकर चालू केला की माझ्या लिनक्सला ती डिस्क वाचता येत नाही. ४८ आकड्यांची रिकव्हरी की लागते. हे बसवून देताना परवा महाळुंग्यातले एक मालक म्हणाले, “ती की तुमच्याकडेच ठेवा सर, आमच्याकडून हरवेल.” त्यांचा विश्वास मला आवडला, आणि ती की माझ्याकडे राहिली तर पुढचं प्रत्येक काम माझ्याकडेच येईल हेही मनात आलं. एक प्रिंट काढून त्यांच्या कपाटात ठेवायला दिली, माझ्याकडे प्रत ठेवली नाही. मग त्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलीला मालकांसमोरच सांगितलं, की हे मशीन गरज पडली तर कंपनी उघडू शकते, तेव्हा घरचे कागद यावर ठेवू नका; आणि नोकरी सोडताना पासवर्ड लिहून द्या, हिशेबाची पावती घ्या.

“तिला हे सांगायची काय गरज होती?” ती गेल्यावर मालकांनी विचारलं. मी म्हणालो, मशीन तुमचं आहे, पण रोज त्यावर ती बसते. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग पुढच्या मशीनचं बिल त्याच दराने लावणार का, असं विचारलं.