तस्वीर आणि इजाजत

छायाचित्र काढावे की काढू नये, हा वाद आपल्या समाजाला नवा नाही. भिंतीवर एकही फोटो नसलेली घरे आजही आहेत आणि दादा-परदादांच्या तसबिरी जपून ठेवणारी घरेही आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी मिसरचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी असे मत मांडले की, छायाचित्र म्हणजे नवी निर्मिती नव्हे. अल्लाहने घडवलेल्या वस्तूची सावली तेवढी धरून ठेवलेली असते. आपल्याकडच्या अनेक उलेमांना हे मान्य झाले नाही. गरजेपुरता फोटो चालेल, शौकासाठी नको, असे त्यांचे म्हणणे राहिले. दोन्ही बाजूंना दलील आहे. मात्र हजचा पासपोर्ट, रेशनकार्ड आणि आधार यांसाठी दोन्ही बाजूंची माणसे कॅमेऱ्यासमोर बसलेली आहेत. हा वाद मला इथे सोडवायचा नाही. त्याच्या आड एक दुसरा प्रश्न झाकला गेला आहे, तो पुढे आणायचा आहे. दुसऱ्या माणसाचा चेहरा घेण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

हल्ली जालना, अंबड, परतूर, भोकरदन अशा गावांतली मुले हौसेने छायाचित्रण शिकताना दिसतात. कुणाकडे जुना विकत घेतलेला कॅमेरा असतो, कुणाकडे नुसता मोबाइल. पहिले धडे सगळ्यांचे सारखेच. अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगातले भोक किती उघडायचे, शटर म्हणजे ते किती वेळ उघडे ठेवायचे आणि आयएसओ म्हणजे आत आलेल्या प्रकाशाला किती वाढवून घ्यायचे. आठच्या आकड्यावरून ५.६ वर आले की प्रकाश दुप्पट होतो. आकडा लहान तर भोक मोठे, हे उलटे गणित डोक्यात बसायला चार-आठ दिवस लागतात. सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागावरून साठाव्या भागावर आलो तरीही प्रकाश दुप्पट होतो, पण मग धावणारे पोर पुसट येते. एका हाताने घ्यावे, दुसऱ्या हाताने द्यावे, असा हा हिशेब आहे.

या विद्येचे मूळ आपल्याच इतिहासात आहे, हे शिकणाऱ्यांना क्वचितच कुणी सांगते. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत आयुष्य काढलेल्या इब्न अल-हैसमने हजार वर्षांपूर्वी दाखवून दिले की, डोळ्यातून किरण निघून वस्तूवर पडत नाहीत. वस्तूकडून प्रकाश डोळ्यात येतो. लहान छिद्रातून आत येणाऱ्या ग्रहणाच्या सूर्याची प्रतिमा कोरीसारखी का दिसते, याचाही त्याने अभ्यास केला. आजचा कॅमेरा त्याच तत्त्वावर चालतो. यातला एक बोध मला मोलाचा वाटतो. पाहणारा घेणारा असतो. देणारा समोर उभा असतो.

शिकणाऱ्याला पुढे एक अडचण येते. ईदच्या सकाळी ईदगाहवर शेकडो पांढरे कुर्ते, पांढऱ्या टोप्या. फोटो काढला की सगळे मळकट राखाडी दिसते. काळ्या बुरख्यातल्या आईचा जवळून फोटो काढावा तर बुरखा फिका पडतो आणि चेहरा प्रकाशाने जळून जातो. कारण साधे आहे. कॅमेऱ्यातला मीटर समोरचे सारे दृश्य मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरतो. पांढरे दिसले की तो प्रकाश कमी करतो, काळे दिसले की वाढवतो. म्हणून पांढऱ्यासाठी आपण हाताने प्रकाश वाढवायचा आणि काळ्यासाठी कमी करायचा. यंत्राला समोरचा माणूस दिसत नाही, त्याला सरासरी दिसते. माणसाला सरासरीतून बाहेर काढणे हे कॅमेरा धरणाऱ्याचे काम आहे. हा धडा तंत्राचा म्हणून शिकवला जातो. मला तो अखलाकचाही वाटतो.

तंत्र हातात आले की मोह सुरू होतो. लांब पल्ल्याचे भिंग मिळाले की रस्त्यापलीकडच्या ओट्यावर बसलेल्या म्हातारीच्या सुरकुत्या तिला न कळता टिपता येतात. दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी सलाम करावा, परवानगी घ्यावी, कुणी परत जा म्हटले तर परत जावे, हा अदब कुरआनने शिकवला आहे. कुणाची टेहळणी करू नये, असेही सांगितले आहे. रस्त्यावर फोटो काढायला कायद्याने सहसा बंदी नसते, हे खरे. पण ओटा, अंगण, आजारी माणसाची खाट ही घराचीच अंगे आहेत. लांबचे भिंग दार न ठोठावता आत जाते. जवळचे भिंग लावले तर चार पावले चालत जावे लागते, सलाम करावा लागतो, नकार ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. नवशिक्याने पहिले वर्ष जवळच्या भिंगावर काढावे, असे मी म्हणेन.

आपल्या भागाच्या इतिहासात या प्रश्नाची दोन्ही टोके सापडतात. जालना तेव्हा निझामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. सहावे निझाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार होते लाला दीनदयाळ. निझामाने त्यांना १८९४ मध्ये राजा ही पदवी दिली आणि किताब दिला 'मुसव्विर जंग'. अल-मुसव्विर हे अल्लाहचे एक नाव, हे त्या दरबाराला माहीत नसेल कसे? तरीही किताब दिला गेला. याच दीनदयाळांनी १८९२ मध्ये हैदराबादेत स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला. तिथे फोटो काढणारीही स्त्रीच होती. पडदानशीन बाईला तिच्या अटींवर स्वतःची तस्वीर मिळावी, अशी ती व्यवस्था होती.

आणि त्यांच्याच स्टुडिओची दुसरी चित्रे आहेत, औरंगाबाद भागातल्या दुष्काळी मदतकार्याची. रस्त्याची कामे, कापडवाटप, रांगेत उभी केलेली हाडाडलेली माणसे. ही चित्रे राज्याच्या सत्कार्याची नोंद म्हणून घेतली गेली. महालातल्या स्त्रीला अट घालता आली. रांगेतल्या भुकेल्याला कोण विचारणार? आज ती चित्रे पाहताना निझामाचा उदारपणा आठवत नाही. त्या माणसांची नजर आठवत राहते.

आता आपल्या काळाकडे पाहू. रमजानमध्ये रेशन किटचे वाटप होते. २०२० च्या टाळेबंदीत तर गल्लोगल्ली झाले. पीठ, तेल, खजुराची पिशवी. देणारे पाचजण हसत उभे आणि घेणारी एक बेवा मान खाली घालून. तासाभरात तो फोटो साऱ्या मोहल्ल्याच्या मोबाइलवर. एहसान दाखवून आणि दुखावून सदका वाया घालवू नका, गरिबाला गुपचूप देणे अधिक चांगले, ही शिकवण आपण मिंबरवरून ऐकतो. मग त्या बेवेने घरी नेलेल्या पिठाची किंमत तिने आपल्या चेहऱ्याने चुकवली, असे म्हणायचे की नाही?

यावर उत्तर दिले जाते की, पैसे देणाऱ्यांना हिशेब द्यावा लागतो. फोटो नसेल तर लोक शंका घेतात. हे उत्तर झटकून टाकण्यासारखे नाही. शिवाय फोटोने भलेही होते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना होरपळले, घाणेवाडीचा तलाव आटला. टँकरमागे धावणाऱ्या बायकांची आणि रिकाम्या हंड्यांची चित्रे छापून आली म्हणून दूरच्या शहरांना मराठवाड्याची तहान दिसली. त्या वेळी कॅमेरे बंद ठेवले असते तर आब राखली गेली असती, असे कोण म्हणेल?

मला वाटते, फरक साक्षीचा आहे. चित्र कुणाच्या बाजूने गवाही देते, हे विचारावे. रिकाम्या हंड्याचे चित्र हंडा उचलणारीच्या बाजूने बोलते. पीठ घेणारीचे चित्र देणाऱ्याची पावती असते. पावती पोत्यांच्या फोटोने, बिलांनी, वहीतल्या सह्यांनीही देता येते. त्यासाठी चेहरा लागत नाही. दुसरी कसोटी याहून सोपी. ज्याचा फोटो काढला, तो माणूस हे चित्र आपल्या लेकरांसोबत बसून पाहू शकेल काय?

याचा अर्थ गरिबाचा फोटोच काढू नये, असा मात्र नाही. आई गेल्यावर तिचा एकही धड फोटो नसलेली कुटुंबे कमी नाहीत. मतदार ओळखपत्रावरचा अंधुक चेहरा मोठा करून आणणारे मुलगे असतात. अशा घरात जाऊन, विचारून, खिडकीच्या उजेडात आईला बसवून एक फोटो काढावा आणि कागदावर छापून तिच्या हातात द्यावा. ज्या घराला तस्वीर नको असेल, तिथून चहा पिऊन परत यावे. हौशी माणसाकडे वेळ असतो आणि त्याला कुणाला हिशेब द्यायचा नसतो. म्हणून परवानगी मागायला आणि नकार मानायला त्याला अडचण पडू नये.